आजोबांची यादी

सव्वाअकरा झाले तरी मेल येईना.

ल्युबेनने मेल सर्व्हर तिसऱ्यांदा बंद करून चालू केला. पडद्यावर तेच लाल उत्तर आलं : डोमेन कंट्रोलर सापडत नाही.

सापडेल कुठून? काल दुपारी त्यानेच तो बंद केला होता. सतरा वर्षं कारखान्यातल्या प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड सांभाळणारं जुनं मशीन. सगळे त्याला ‘आजोबा’ म्हणत. जागी नवा कोरा सर्व्हर बसवला होता. पण मेल सर्व्हर अजून आजोबांनाच हाका मारत होता, आणि ओ येत नाही म्हणून रुसून बसला होता.

झ्लातका मॅडम दारात उभ्या राहिल्या. कारखाना त्यांचा, चेरी डबाबंद करण्याचा.

“ग्राझच्या गिऱ्हाइकांची मेल आली?”

“अजून नाही.”

“चार वाजेपर्यंत आपलं उत्तर गेलं नाही, तर ते सर्बियातून माल घेणार. फोन केला मी. म्हणाले, नोंदलेल्या पत्त्यावरूनच मेल हवी. तुझी आई तिसऱ्या पट्ट्यावर चेरी निवडतेय. हंगाम गेला हे तिला तू सांगणार, की मी सांगू?”

एकशे चाळीस बायका होत्या त्या पट्ट्यांवर.

मार्ग दोन होते. सगळी नावं आधीच नव्या सर्व्हरवर गेली असतील, तर कारभार नव्याच्या हाती द्यायचा आणि आजोबांना पुसून टाकायचं. दीड तासाचं काम. गेली नसतील, तर आधी आजोबांना उठवून यादी उतरवून घ्यायची. पण नावं गेलेली असताना आजोबा उठले, तर दोघं मालकीवरून भांडणार आणि दोन्ही याद्या नासणार. नवा सर्व्हर तर कारभार हाती येईपर्यंत पोटातलं काही दाखवायला तयार नव्हता. बॅकअपची फीत जानेवारीतच तुटली होती; नवी मागवू म्हणता म्हणता सगळे विसरले.

नावं हलवायचं काम त्याच्या आधीपासून हे सर्व्हर सांभाळणाऱ्या एन्चोकाकांनी घेतलं होतं. वहीत त्यांच्या अक्षरात ‘नावं हलवणे’ एवढंच होतं, पुढे कोरं. शुक्रवारी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. काम झालंच असेल असं धरून ल्युबेनने काल आजोबांना बंद केलं होतं.

सकाळी नऊलाच ल्युबेनने त्यांच्या बायकोला फोन केला होता.

“ये ना,” नेवेनाकाकू म्हणाल्या होत्या. “साडेअकराला आत सोडतात. जीभ गेलीय रे, डाव्या हाताने लिहायला जातात तर नुसत्या रेघोट्या. पण समजतं सगळं. हो-नाही असं विचार.”

निघताना कँटीनच्या स्तान्काने हाक मारली, “ल्युबेन, सूप वाढू?”

त्याने मान वर उडवली आणि तो पुढे गेला. स्तान्का हसली. नऊ वर्षं श्टुटगार्टला काढून तो दोन महिन्यांपूर्वी परतला, तेव्हा हाच माणूस जर्मनांसारखी आडवी मान हलवून सूप नको म्हणायचा, आणि स्तान्का वाटी भरून द्यायची. इथे या देशात आडवी मान म्हणजे हो आणि वर उडवलेली मान म्हणजे नाही, हे तो तिकडे पार विसरला होता. सलग तीन दिवस त्याने मुकाट्याने घेवड्याचं सूप प्यायलं.

“तू आलास, पण तुझी मान अजून सीमेवर अडकलीय,” एन्चोकाका म्हणाले होते, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर त्याची शिकवणी घेतली होती. आता त्याची मान पक्की गावची झाली होती.

हॉस्पिटलच्या बाकावर नेवेनाकाकू बसल्या होत्या. “एकेकानेच आत जायचं म्हणे. जा, वाटच बघताहेत.”

एन्चोकाका उशीला टेकून होते. त्याला बघताच अर्धा चेहरा हसला. ल्युबेनला भडभडून आलं. या माणसाने त्याला नोकरी लावली होती.

“काका, एकच विचारतो. सगळी नावं नव्यावर गेलीत ना? म्हणजे आजोबांना पुसू?”

एन्चोकाकांनी त्याची बाही डाव्या हाताने घट्ट धरली. त्याच्या डोळ्यांत बघत, फार कष्टाने, त्यांनी मान आडवी हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग पुन्हा तसंच, आणखी सावकाश.

“नक्की?”

काकांनी डोळे मिटून मान परत आडवी हलवली.

“बस्स! जीव भांड्यात पडला,” ल्युबेन म्हणाला आणि त्याने त्यांच्या कपाळाचा मुका घेतला. तेवढ्यात नर्स आली आणि तिने वेळ संपल्याचं सांगितलं.

साडेबाराला त्याने नव्या सर्व्हरच्या हाती कारभार दिला. मग काकांच्या शब्दावर विसंबून, नवी यादी उघडून न बघताच आजोबांच्या डिस्का पुसायला घेतल्या. हा काकांचाच नियम : जुन्याला काढलं की त्याच तासात पुसायचं, नाहीतर कुणीतरी चुकून चालू करतं. दोनला पुसणं संपलं. मेल सर्व्हर सुरू केला, तर दिवा हिरवा लागला.

“झालं?” झ्लातका मॅडमनी विचारलं.

“झालं. नावं येताहेत.”

पडद्यावर यादी भरू लागली. एक, चार, नऊ, अकरा. अकरावर ती थांबली. त्यात मॅडमचं नाव नव्हतं. बाकीची वाटेत असतील, ल्युबेन मनाशी म्हणाला.

फोन वाजला. नेवेनाकाकू होत्या.

“काम झालं का रे? तू गेल्यावर हे अगदी निवांत झोपले बघ. दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता.”

“बरं झालं, काकू.”

“तुला कळलं ना सगळं नीट? सकाळी तुझा फोन आल्यापासून माझ्यासमोर एकच सराव चालला होता. पोराच्या मानेचा भरवसा नाही ना, म्हणून तुझ्यासाठी मुद्दाम जर्मनांसारखी मान हलवायला शिकले ते.”