सँडविचवर शेव

मधुरिमानं डब्यातून मूठभर शेव उचलली आणि तिच्या आईनं, मंगलाताईंनी, झटकन तिचं मनगट धरलं.

"नको ना बेटा. आजच्या दिवस राहू दे. त्यांनी फोनवर साफ सांगितलंय."

सांगितलं होतं खरं. लग्नाची बोलणी करायला येऊन बाहेरच्या खोलीत बसलेल्या गजाननरावांनी, म्हणजे निखिलच्या वडिलांनी, पुण्याहून निघण्याआधीच फर्मान काढलं होतं. "पोहे करू नका. तुम्ही इंदूरवाले त्यातसुद्धा शेव घालता. आपली साधी सँडविचं करा." साधी म्हणजे कशी, तेही सांगून ठेवलं होतं. ब्रेडच्या कडा कापायच्या. आत लोणी, काकडी, टोमॅटो आणि नावापुरती हिरवी चटणी. भाजायचं नाही. मंगलाताईंनी सकाळीच तशी रचून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली होती. मधुरिमाला ते आजाऱ्याचं पथ्य वाटत होतं.

तिनं आईचा हात हळूच सोडवला. तव्यावर तिची स्वतःची सँडविचं खरपूस झाली होती. बटाट्याची भाजी, कच्चा कांदा, नाकाला झोंबणारी चटणी. वरून तिनं जीरावन भुरभुरलं, ज्या मसाल्यावाचून इंदुरात कुणी पोह्यांना हात लावत नाही तेच. मग मूठ उघडली आणि ब्रेड दिसेनासा होईपर्यंत शेव घातली.

"आई, मी जे खाते ते त्यांना आजच दिसू दे."

निखिल तिला आवडला होता. वर्षभर फोनवर हसून, भांडून, रुसून आवडला होता. हे लग्न तिला मनापासून हवं होतं, आणि म्हणूनच ती हट्टाला पेटली होती. हवं असलेलं घर लपूनछपून कशाला मिळवायचं?

मंगलाताईंची सगळी भिस्त निखिलच्या आईवर होती. प्रेमलताबाई मूळच्या इंदूरच्या, छावनी मोहल्ल्यातल्या. भाऊ मुंबईला गेल्यापासून त्या इकडे फिरकल्या नव्हत्या. "आपल्यातल्याच आहेत, सांभाळून घेतील," असं मंगलाताई आठवडाभर घोकत होत्या. पण बाई आल्या तशा मान खाली घालून बसल्या. छावनीचा विषय निघाला तर गजाननरावच हसून म्हणाले, "ही आता पक्की पुणेरी झालीय. तिखट नुसतं बघितलं तरी हिच्या पोटात आग पडते." प्रेमलताबाईंनी मान डोलावली. मधुरिमाला गजाननरावांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. इतकं विसरतं का माणूस?

तिनं ट्रे आणून मधोमध ठेवला. एका बशीत कडा कापलेली सँडविचं, बाकीच्यांत शेवेची.

"हे काय?" गजाननरावांनी दोन बोटांनी बशी स्वतःकडे वळवली.

"सँडविच, काकाजी."

"याला सँडविच म्हणतात? ब्रेडवर भेळ सांडलीय नुसती. मुली, सँडविच हा इंग्रजांचा पदार्थ. चहाबरोबर, कपड्यांवर कण न सांडता खायचा."

"इंग्रज कुठे हिरवी चटणी घालत होते, काकाजी? ती आपणच घातली ना? तुमची चटणी चालली, तर आमची शेवपण चलेगी."

निखिल खुदकन हसला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा लगेच गप्प झाला.

गजाननरावांनी बशी दूर सारली. "माणसं चांगली आहात तुम्ही. पण आमच्या घरात हे असलं येत नाही. हिनंसुद्धा लग्न झालं तसं सोडून दिलं. संसार म्हटला की बाईला थोडं सोडावं लागतंच."

मधुरिमा निखिलकडे वळली. "तू बोल ना यार. तू काय म्हणतोस?"

निखिल बशीकडे बघत राहिला. "एवढ्याशा शेवेवरून कशाला वाद? बाबांच्या समोर नको खाऊस, बस."

वर्षभर ज्याच्याशी बोलली तो हाच का, असं तिला वाटून गेलं. गोष्ट एवढीशी होती, तर ती तिनंच का सोडायची?

"मग जमणार नाही, काकाजी," ती म्हणाली. "शेव सुटेल हो माझी, त्यात काय मोठं? पण चोरून खाणं मला नाही जमणार."

मंगलाताईंनी तोंडाला पदर लावला. गजाननराव ताडकन उठले. त्यांच्यामागे निखिलही उठला. त्यानं मधुरिमाकडे एकदा पाहिलं आणि चपला घालायला वाकला.

"चला," गजाननराव बायकोला म्हणाले.

प्रेमलताबाई उठल्या नाहीत. त्यांनी नवऱ्यानं दूर सारलेली बशी आपल्या पुढ्यात ओढली. सँडविच दोन्ही हातांनी उचललं आणि चांगला मोठा घास घेतला. शेव रेशमी साडीवर सांडली, ती त्यांनी झटकलीसुद्धा नाही. दुसरा घास घेतला. डोळ्यांतून, नाकातून पाणी यायला लागलं, ते त्यांनी मनगटानं पुसलं.

"जीरावन आण गं थोडं," त्या मधुरिमाला म्हणाल्या. "हात आखडू नकोस."

"अगं, ऐकू येतंय का? ऊठ!" गजाननराव दारातून ओरडले.

प्रेमलताबाईंनी आल्यापासून पहिल्यांदाच मान वर केली.

"तुम्ही व्हा पुढे. मी माहेरी आलेय. पोट भरेल तेव्हा उठेन."