कुठं थांबायचं

पुष्करनं पॅरिसहून मागवलेली १९५३ सालची प्रिंट अखेर सुदामा नगरच्या घरी पोचली. पांढऱ्या कागदावर तीन काळे फटकारे, बस. तो आंघोळ करून आला, तर कागदाच्या कोपऱ्यात कुंकवाचा ठसठशीत ठिपका!

"आई, हे काय केलंस?"

"नवी चीज घरात आली ना. फ्रिजला लावलं, तुझ्या स्कूटरला लावलं, मग हिनंच काय घोडं मारलंय?"

तेवढ्यात बेल वाजली. आर्ट कॉलेजात शिकवणाऱ्या इरावतीजी खास ही प्रिंट बघायला आल्या होत्या. लपवायलाही वेळ मिळाला नाही.

पाच मिनिटं त्या चित्रासमोर नुसत्या उभ्या. मग म्हणाल्या, "गजब, पुष्करजी! ते तीन फटकारे एकीकडे आणि हा लाल ठिपका एकीकडे. सगळं चित्र त्याच्यावर तोललंय. एकच ठिपका दिला आणि हात आवरला! कुठं थांबायचं, ते या फ्रेंच लोकांनाच कळतं."

पुष्करनं सुटकेचा निःश्वास टाकला.

पोह्यांवर शेव घालता घालता आई म्हणाली, "छे हो, मी तर पूर्ण स्वस्तिक काढणार होते. कुंकूच संपलं."