अकरा लेकरांची आई

"पोरांच्या आईचं नाव सांगा, सूनबाई," आबाजी भाट म्हणाला आणि त्यानं बोरू शाईत बुडवला.

"रंभा," रंभानं सांगितलं.

जीभ जराही अडखळली नाही. भाट गावात आल्यापासून आठवडाभर तिनं हे उत्तर घोटून ठेवलं होतं.

पोरं दोन, जयसिंग आणि धोंडीबा. दोघंही शाळेत गेलेले, आणि दोघंही चतुराबाईचे. चतुराबाई म्हणजे मुरारीची पहिली बायको. धाकट्याच्या बाळंतपणात गेली. तिच्या जागी रंभा आली त्याला पाच वर्षं झाली, तरी मोशीत तिची ओळख 'मुरारीची दुसरी' एवढीच. पोरांना न्हाऊ घालायची ती, जेवू घालायची ती, आणि पोरं तिला मावशी म्हणायची. तिची स्वतःची कूस काही उजवली नव्हती. जिवंत सवत परवडली, निदान तिच्या भाकरी कधीतरी करपतात. मेलेलीची एकही भाकरी करपत नाही, आणि सासूच्या तोंडी रोज तिच्याच भाकरीचं कौतुक.

वर गळ्यात तिचा टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नाहीतर ती सुखानं नांदू देत नाही, असा रिवाज. चांदीच्या पत्र्यावर बाईचं तोंड उठवलेलं आणि वर दोरा ओवायला कडी. जेवताना, निजताना, नवऱ्यापाशी असताना सुद्धा चतुराबाई मधे. रंभाला तिचा राग यायचा, पण रागापेक्षा हेवा जास्त.

आज मात्र दिवस तिचा होता. भाट वंशावळीची वही घेऊन बारा वर्षांनी आला होता. मागल्या खेपेला तो आला तेव्हा पानशेत फुटून वर्ष झालं होतं आणि मुरारीचं लग्नही व्हायचं होतं. त्यामुळं वहीत चतुराबाईचं नावच नव्हतं. मुरारी भोसरीच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेला. सासू सरुबाई एकादशी म्हणून आळंदीला. एकदा वहीत चढलं की चढलं, शंभर वर्षांनी कोण विचारायला येतंय?

"जरा थांबा," आबाजी म्हणाला. "नवं लिवायच्या आधी जुनं वाचावं लागतं. देवघरातली ठकुबाई आणा."

ठकुबाई म्हणजे या घराण्याची मूळबाई. सत्तावन्नच्या बंडाच्या आगेमागे ती या घरात नांदायला आली. तीस घरांची भावकी तिला आपली आई मानायची. लग्न कुठल्याही घरी होवो, नवरानवरीनं पहिलं डोकं टेकायचं ते ठकुबाईच्या टाकावर. रंभानं तो टाक ताम्हणात घालून आणला. या बाईचाही तिला हेवा वाटायचा. एकीला अकरा लेकरं आणि एकीला एक नाही. देवाला साधी वाटणी जमत नाही.

आबाजी सुरात वाचू लागला. "राणोजी. राणोजीची बायको ठकुबाई. ठकुबाईची लेकरं अकरा..." रंभा कुंकू लावायला खाली वाकली. तिच्या गळ्यातला टाक पुढं लोंबला आणि ताम्हणातल्या टाकाशेजारी टेकला.

तिचा हात तसाच राहिला. दोन्ही टाकांना कडी होती.

खंडोबाच्या टाकाला नव्हती, भवानीच्या नव्हती. देवघरातल्या दुसऱ्या एकाही टाकाला नव्हती. ही कडी तिनं दर सणाला चिंचेनं घासली होती आणि कधी तिचा विचार केला नव्हता.

"आबाजी, ही ठकुबाई न्हाई."

भाटाचा सूर तुटला. "आं?"

"कडी बघा. दोऱ्यानं पार झिजलीया. कुणाच्या तरी गळ्यात जलमभर होती ही. ही ठकुबाईची सवत हाय. पहिली."

आबाजीनं चष्मा सारखा केला. टाक पाहिला, मग वहीचं पान पाहिलं. "वहीत पहिलीचं नाव न्हाई. ठकुबाईनं सांगितलं तेच माझ्या पणज्यानं लिवलं असंल."

"मग हिचं नाव काय?"

"आता कुटनं सापडायचं?"

अकरातली ठकुबाईची किती आणि हिची किती, देव जाणे. रंभाला आधी ठकुबाईचं कौतुकच वाटलं. बाई पक्की होती. सवतीचं नाव तिनं पुसलं ते पुसलंच. टाक मात्र भीतीनं गळ्यातून काढवला नाही. ती गेल्यावर पोरांनी तो देवघरात ठेवला, आणि पुढच्यांना वाटलं, ही ठकुबाईच. तेव्हापासून तीस घरं ठकुबाई ठकुबाई म्हणत सवतीपुढं डोकं टेकतायत. ठकुबाईचं तोंड कसं होतं, हे सांगणारं आता कुणी नाही.

रंभानं गळ्यातला टाक मुठीत धरला.

"मग लिवू न्हवं? आई, रंभा?" आबाजीनं विचारलं.

"न्हाई. आई चतुराबाई लिवा. माझं नाव खाली निराळं लिवा, दुसरी म्हणून."

आबाजीनं हातातला बोरू खाली ठेवला. म्हातारा गहिवरला होता. "लई मोठं मन हाय तुमचं, सूनबाई."

"मन कसलं डोंबलाचं," रंभा म्हणाली. "उद्या माझ्या नावाचा नमस्कार तिला जायला नको."