उजवी कड

राजाबाईनं लेकीच्या लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि लाल ठिपक्याबरोबर ते उजव्या कडेपर्यंत सरकवत नेलं. ठिपका बाहेर गेला. तिनं झटकन डावीकडं बघितलं. तिथून तो आत येत होता.

"आला की गं!" ती म्हणाली. "ह्योच नव्हं? तांबडाच?"

"तोच," संस्कृती म्हणाली.

वाहत्या द्रवात बारीक कण एकमेकांना कधी चिकटतात, गुठळ्या कधी होतात आणि कधी सुटतात, हे संस्कृतीच्या संशोधनाचं काम. औषधं, रंग करणाऱ्यांना ते कळायला हवं असतं, आणि ती ते कॉम्प्युटरवर चालवून बघायची. हजारभर पांढऱ्या ठिपक्यांतल्या एकावर नजर राहावी म्हणून त्याला तिनं लाल केलं होतं. आईला एवढं सांगायला काही जड गेलं नाही. जन्मभर पिठलं हाटलेल्या बाईला गुठळी काय समजावायची?

प्रवाह संथ होता तोवर ठिपके एकमेकांना धरून होते. संस्कृतीनं वेग वाढवला तसे पुंजके ताणले गेले, फाटले. लाल ठिपका सुटून एकटाच वाहत निघाला.

"पाण्याला जोर आला की हात सुटतुया," राजाबाई म्हणाली.

गेल्या भादव्यात सीना नदीला पूर आला, तेव्हा संस्कृतीचा धाकटा भाऊ गुरू अडकलेली शेरडं आणायला पाण्यात उतरला होता. शेरडं वर आली. तो आला नाही, आणि त्याचं काही सापडलंही नाही. आता वर्ष होत आलं, म्हणून वडिलांनी, आबांनी, ठरवलं होतं, त्याच्या जागी गवताची बाहुली करून येत्या सोमवारी तिला अग्नी द्यायचा. ते ऐकल्यावर राजाबाई दुसऱ्या दिवशी गावाहून एसटीनं निघाली आणि सोलापुरात लेकीच्या खोलीवर आली. येताना जेवण बांधून आणलं होतं. दोघींपुढं ताटं होती, आणि एक जास्तीची भाकरी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेली. ती गुरूची. घरीही ती रोज अशीच ठेवायची आणि सकाळी शेरडांना घालायची.

"आबास्नी फोन लाव," ती आता म्हणाली. "तुजं ऐकत्यात ते. सांग, म्या कॉम्प्युटरवर बगितलंय म्हणावं. गेल्यालं माघारी येतंय. सोमवारचं थांबवा."

संस्कृतीनं मोबाईल उचलला. आबांनी ऐकलंही असतं. शिकलेल्या लेकीचा शब्द ते खाली पडू देत नसत. खोटं बोलायला इतकी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती, आणि आईचा चेहरा वर्षभरानं उजळला होता. तिला ते मोडवेना. पण आई रोज दिवस मावळायला नदीच्या वाटेवर जाऊन उभी राहते, हे सांगताना आबा फोनवर रडले होते. तेही तिला विसरता येईना.

तिनं मोबाईल खाली ठेवला.

"आई, तो माघारी येत नाही गं. मी आणते त्याला."

"म्हंजी?"

"सगळी नदी कॉम्प्युटरात मावत नाही. म्हणून एवढाच तुकडा घ्यायचा, आणि ह्या कडेनं गेलेल्याला त्या कडेनं आत सोडायचं. नाहीतर थोड्या वेळात पडदाच रिकामा होईल. तसं मीच लिहून ठेवलंय त्यात."

"आन् खऱ्या पाण्यात?"

"खऱ्या पाण्यात ही कड नसते, आई. गेलेला पुढंच जातो."

राजाबाई रडली नाही. रडली ती संस्कृती, ताटावर मान घालून. राजाबाईनं तिच्या पाठीवरनं एकदा हात फिरवला. मग फडकं ओढून घेतलं, गाठ सोडली. भाकरी मोडून अर्धी लेकीच्या ताटात ठेवली, अर्धी आपल्या.

"खा. वाळंल."

दोघी खाऊ लागल्या.

"आबास्नी सांग, करा म्हणावं सोमवारी," राजाबाई म्हणाली. "बाहुलीला त्येचा निळा शर्ट घालायचा. म्या धुऊन ठिवलाय."

संस्कृतीनं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," राजाबाई म्हणाली. "चालू दे की."

पडद्यावर ठिपके वाहत होते. लाल ठिपका उजव्या कडेला आला आणि बाहेर गेला. राजाबाईनं डावीकडं बघितलं नाही.