शेजारची सीट

वडील बेकरीची लॉरी चालवायचे. तिचं वीतभर मॉडेल करायला त्यांच्या निवृत्त कारकून मुलाने एकट्याने तीन महिने घेतले. नव्याकोऱ्या प्लास्टिकला रंगाने गंज चढवला, मडगार्डला आठवून आठवून पोचे पाडले. स्वतःच्या गुडघ्यांना गंज फुकटात चढला होता.

बघायला आली फक्त धाकटी बहीण.

"दादा, सगळी लॉरी झिजवलीस आणि ड्रायव्हरशेजारची सीट तेवढी कोरी?"

"बाबांनी तिथे कधी कुणाला बसवलंय? किती रडायचो मी! मालाची गाडी आहे, म्हणायचे."

बहीण जरा घुटमळली. "तू शाळेत गेलास की मी बसायचे रे. दादाला सांगू नकोस, म्हणाले होते."



दादाने पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि सीट घासली, लहान मुलगी बसेल तेवढीच.