पूर्ण डिपॉझिट

सामान टेम्पोतून पुढे इंदापूरला गेलं होतं. बारामतीच्या त्या भाड्याच्या खोलीत मी आणि माझी लेक, दोघीच उरलो होतो. घरमालक मोहनराव डिपॉझिट देण्याआधी एकेक भिंत निरखत होते आणि मी त्यांचा चेहरा.

लेक याच खोलीत चालायला शिकली. पण पैसे कापले जातील या धास्तीनं मी कधी खिळा ठोकला नाही, तिच्या पाळण्यासाठी छताला कडीसुद्धा लावून घेतली नाही. तिच्या हातात खडू दिसला की काढून घ्यायचे. ती रडायला लागली की दार लावून घ्यायचे.

"एक ओरखडा न्हाय," मोहनराव खूश होऊन म्हणाले. "न्हायतर ते वरचे भाडेकरू. त्यांच्या पोरानं भिंतभर ट्रॅक्टर काढून ठेवलेत."

"मग कापलेत का त्यांचे पैसे?"

"कापनार हुतो. पर आमच्या द्वारकाबाई रंगच देऊ देईनात. म्हनत्यात, आपल्या अविराजचे ट्रॅक्टर हायेत, राहू द्या. दिवाळीतच खोली सोडून गेली ती मानसं, तरी ही रोज वर जाऊन बसती."

मला त्यांनी पूर्ण डिपॉझिट दिलं. मग माझ्या ओढणीआड लपलेल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवत मायेनं विचारलं,

"हिचं नाव काय म्हनायचं, ताई?"