बंद पाकिटातला खुनी

"हॅटी, ते पान तूच टाईप केलंयस. मग सांग की एकदाचं. खुनी मी आहे का?"

डेस्मंड पर्सेल सकाळपासून चौथ्यांदा हे विचारत होता. स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये नवरा-बायको समोरासमोर बसून सूप पीत होते. त्याच्या अंगात डॉक्टर हॅलॉकचा पांढरा कोट, तोंडावर रंगाचा थर. तिच्या बोटांना कार्बनची काळी शाई.

"हळू बोल. माझी नोकरी घालवशील."

"तुझी नोकरी! आणि माझं काय?"

त्याचंही खरंच होतं. बोलपट आले आणि मूकपटातल्या बड्या बड्या लोकांची दोन वर्षांत माती झाली. एके काळी डेस्मंडनं नुसती भुवई उचलली की बायका रुमाल चावायच्या. आता आवाज मुद्रित करणारी पोरं म्हणायची, हा बोलतोय की दार करकरतंय? मोठ्या मिनतवारीनं हा एक बोलपट मिळाला होता. बेटावरची प्रयोगशाळा, तिथले पाच शास्त्रज्ञ, आणि एकापाठोपाठ एक खून.

पाचांपैकी खुनी कोण, हे दिग्दर्शक हायन्सनं नटांनाही सांगितलं नव्हतं; कळलं की ते चेहऱ्यावर आधीच दिसतं, असं त्याचं म्हणणं. शेवटचं पान हॅटीकडून टाईप करून घेऊन, पाकिटात घालून, लाखेनं बंद करून त्यानं तिजोरीत ठेवलं होतं. खुन्याच्या वाट्याला शेवटी अख्खं पानभर कबुलीजबाब होता. तो जो बोलेल त्याला स्टुडिओ ठेवून घेणार, बाकीच्यांनी टोप्या उचलून घरी जायचं. डेस्मंडला दुसरं कुणी दारात उभं करणार नव्हतं. तो रोज आरशासमोर कबुलीजबाब देऊन बघत होता.

हॅटीनं चमचा खाली ठेवला. "तू नाहीस, डेझ."

"नक्की?"

"नक्की. हॅलॉक साधा म्हातारा आहे. बेडूक कापतो आणि गुपचूप घरी जातो. तसाच उभा कर त्याला, दुसरं काही मनातही आणू नकोस. दोन आठवडे कळ काढ. माझ्यासाठी."

"म्हणजे तो कॉर्बिन!"

"कोण ते विचारू नकोस." तिनं सूप तसंच टाकलं आणि ती उठून गेली.

कॉर्बिनच असणार. डॉक्टर फेनचं काम करणारा नील कॉर्बिन मालकांचा लाडका होता. वय अठ्ठावीस, दात पांढरेशुभ्र, आवाज लोण्यासारखा. मायक्रोफोन टेबलावरच्या मानवी कवटीत लपवलेला असायचा, आणि प्रत्येकाला कवटीकडे तोंड करूनच बोलावं लागायचं. डेस्मंड बोलायला लागला की कॉर्बिन हमखास ओरडायचा, "आजोबा, जरा जोरात! मेलेल्या माणसालाही ऐकू जात नाहीये!" मग सगळे हसायचे.

डेस्मंडची आशा मेली आणि गंमत बघा, त्याचं काम सुधारलं. भुवया उडवणं नाही, नाकपुड्या फुगवणं नाही, नुसता एक दमलेला म्हातारा. रोजचं चित्रण पडद्यावर बघताना हायन्स मांडीवर थाप मारून म्हणाला, "पूर्वी याची दाढ दुखली तरी शेवटच्या रांगेला कळायचं. आता बघा! पोटात काही नसल्यासारखा उभा आहे." डेस्मंडच्या कानावर हे आलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटात काही नसल्यासारखा! तेवढंच उरलं होतं का आता?

दहाव्या दिवशी तो थेट हायन्सच्या खोलीत शिरला.

"साहेब, मला मारा."

"काय?"

"हॅलॉकला मारा. शेवटच्या प्रवेशात कोपऱ्यात उभं राहून त्या पोराचं भाषण ऐकायचं माझ्यानं होणार नाही. मला एक झकास मरण द्या. मरायला आवाज लागत नाही, आणि ते मला येतं."

हायन्सनं चिरूट विझवला. "कुणी काही बोललं का तुला?"

"कोण बोलणार? मला डोळे आहेत."

"डेस्मंड, पुन्हा एकदा विचार कर. चार दिवस थांब."

"चार दिवसांनी तुम्ही मला विसराल. मी हात जोडतो."

हायन्स बराच वेळ तिजोरीकडे बघत बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. मालकांना आनंदच होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅलॉक मेला. काचेच्या खोलीत विषारी धूर कोंडत गेला आणि डेस्मंड तीन मिनिटं एक शब्द न बोलता मेला. दिवेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉर्बिनसुद्धा गप्प झाला. डेस्मंडनं पांढरा कोट कपडेपटात परत केला, तोंड धुतलं आणि बायकोच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'आज मी पुन्हा नट झालो. घरी ये, सांगतो.'

हॅटी ती चिठ्ठी वाचतच होती, तेवढ्यात हायन्सनं तिला आत बोलावलं. तिजोरी उघडी होती. टेबलावर लाखेचे तुकडे पडले होते.

"बस. तुझ्या नवऱ्यानं हॅलॉकला मारायला लावलं. पाया पडायचाच बाकी होता."

हॅटीच्या हातात चिठ्ठी तशीच होती. "कधी?"

"काल. आज सकाळी मेलाही. मालकांनी पाहिलं, बेहद्द खूश आहेत. आता काही बदलायचं नाही म्हणतात." त्यानं पाकिटातलं पान तिच्यापुढे सरकवलं. खिडकीतून फाटक दिसत होतं. डेस्मंड शीळ घालत बाहेर पडत होता.

तिनं कोपऱ्यातल्या टाईपरायटरमध्ये कोरा कागद चढवला. कार्बन उलटा लागला, तो काढून पुन्हा लावावा लागला.

"सगळं आहे तसंच टाईप कर," हायन्स म्हणाला. "फक्त जिथं जिथं डॉक्टर हॅलॉक आहे, तिथं डॉक्टर फेन घाल."